जुन्या घराचा विमा : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

१९७८ आणि १९७९ या लागोपाठच्या वर्षांत इंग्लंडमधल्या न्यायालयांनी दोन जळालेल्या इमारतींचे निकाल दिले. ‘लेपर्ड विरुद्ध एक्सेस इन्शुरन्स’ या १९७९च्या खटल्यातली वास्तू म्हणजे एक छोटेखानी घर. मालकाने त्याचा विमा १४ हजार पौंडांचा उतरवला होता आणि ते पुन्हा बांधायला सुमारे ८ हजार पौंड लागणार होते. पण आग लागण्यापूर्वी मालक ते घर साडेचार हजारांना विकायला तयार होता. कोर्टाने त्यातून जमिनीचे दीड हजार वजा केले आणि मालकाच्या हातावर ३ हजार पौंड ठेवले. आदल्या वर्षीच्या ‘रेनॉल्ड्स अँड अँडरसन विरुद्ध फीनिक्स अ‍ॅश्युरन्स’ या खटल्यातली वास्तू होती सफोकमधली एक जुनी माल्टिंग, म्हणजे बार्लीला मोड आणून ती वाळवण्यासाठी बांधलेली इमारत. मालकांनी ती अगदी स्वस्तात घेतली होती. बाजारभाव द्यावा, फार तर त्या जागी एखादी आधुनिक इमारत बांधण्याचा खर्च द्यावा, असे विमा कंपनीचे म्हणणे होते. मालकांचा पुनर्बांधणीचा इरादा खरा आहे अशी न्यायाधीशांची खात्री पटली आणि त्यांनी जुनी इमारत होती तशी उभी करण्याचा खर्च मंजूर केला.

ज्या वाचकाला या क्षेत्रात यायचे आहे त्याने हे दोन निकाल आधी वाचावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. दोन्हींत आग खरी होती, पॉलिसी चालू होती, हप्ते भरलेले होते. फरक पडला तो मालकाच्या मनसुब्यामुळे. एकाला घर विकायचे होते, दुसऱ्याला ते पुन्हा उभारून वापरायचे होते. विम्याचे मूळ तत्त्व असे की जेवढे गेले तेवढेच भरून द्यायचे, त्याहून पैही जास्त नाही. आणि किती गेले हे मालक त्या वस्तूचे काय करणार होता त्यावरून ठरते.

दोन्ही खटल्यांचा वारसा-कायद्याशी संबंध नव्हता. पण एखादे घर शासनाच्या वारसा-यादीत गेले की हाच मनसुबा मालकाच्या एकट्याच्या हातात राहत नाही. ते पाडायचे का, कशाने दुरुस्त करायचे, खिडकी लाकडाची ठेवायची की नाही, या सगळ्यांत समाज भागीदार होतो. विम्याचा करार मात्र दोघांतलाच राहतो, मालक आणि कंपनी. घरावर हक्क तिघांचा आणि करार दोघांचा, ही या विषयातली मूळ अडचण आहे. माझ्या मते या क्षेत्रातला प्रत्येक वाद शेवटी तिथेच येऊन पोचतो.

ब्रिटनमध्ये या यादीची व्यवस्था दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाराला आली. बॉम्बफेकीत पडझड झालेल्या शहरांत काय वाचवायचे आणि काय पाडायचे हे ठरवणे भागच होते. १९४४ आणि १९४७ च्या नगररचना कायद्यांनी यादीचा पाया घातला, आणि इंग्लंडसाठी आजचा मुख्य कायदा १९९० चा आहे. इंग्लंडच्या यादीत सुमारे ४ लाख नोंदी आहेत आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून अधिक ‘ग्रेड टू’ या सर्वांत खालच्या श्रेणीत मोडतात. म्हणजे यादीतली बहुसंख्य घरे राजवाडे नव्हेत. साधी शेतघरे, गावातल्या रांगेतली घरे, कुडाच्या भिंतींची आणि गवती छपराची कॉटेजेस असा हा सगळा संसार आहे. ग्रेड टू म्हणजे फक्त दर्शनी भाग जपायचा, असा गैरसमज तिथेही घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात संरक्षण आतल्या जिन्याला, चुलाण्याला, छताच्या गिलाव्यालाही असते. आवारातल्या १ जुलै १९४८ पूर्वीच्या बांधकामांनाही ते लागू पडू शकते. परवानगीशिवाय बदल करणे हा फौजदारी गुन्हा असून त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

आग लागली म्हणून घर यादीतून आपोआप वगळले जात नाही. ते पुन्हा बांधलेच पाहिजे अशी सरसकट सक्ती कायदा करत नाही, हेही नीट लक्षात ठेवावे. पण उरलेल्या भागाला हात लावायचा तर परवानगी लागते, आणि ती सहसा मूळच्या साहित्याला व पद्धतीला धरून मिळते. मालकाला स्वस्तातला मार्ग उरत नाही. मग पॉलिसीने कोणत्या मार्गाचा खर्च द्यायचा?

हा प्रश्न आजचा नाही. १६६६ च्या सप्टेंबरात लंडन जळाले, तेरा हजारांवर घरे भस्मसात झाली. इमारतींचा आगीचा विमा हा व्यवसाय जन्माला आला तो त्यानंतर. निकोलस बार्बन या बांधकाम व्यावसायिकाने १६८०-८१ च्या सुमारास पहिले अग्निविमा कार्यालय थाटले. त्याच्या दरपत्रकात लाकडी घराला विटांच्या घराच्या दुप्पट दर होता. साडेतीनशे वर्षे होत आली, तरी लाकडी सांगाड्याच्या घराचा मालक विमा काढायला गेला की त्याला पहिला प्रश्न भिंतींचा आणि छपराचाच विचारला जातो. त्या काळच्या कंपन्या विमा उतरवलेल्या घरावर स्वतःच्या चिन्हाचा शिशाचा पत्रा ठोकत. असे काही पत्रे अजून भिंतींवर आहेत. घराला पक्की जोडलेली वस्तू म्हणून वारसा-कायद्याचे संरक्षण त्यांनाही मिळते. विम्याची खूणच वारसा झाली आहे, हे मला या विषयाचे फार सुंदर भाग्य वाटते.

त्याहून महत्त्वाचा आहे १७७४ चा लंडनसाठीचा अग्निप्रतिबंधक कायदा. त्याचे ८३ वे कलम आजही जिवंत आहे. घरात ज्याचा हितसंबंध आहे अशा कोणीही मागणी केली, तर विम्याची रक्कम मालकाच्या हाती रोख न देता घर पुन्हा बांधण्यावर खर्च करायला विमा कंपनीला भाग पाडता येते. हेतू उघड होता. पैशासाठी स्वतःचेच घर पेटवून देण्याचा मोह मोडायचा होता. पण त्या निमित्ताने अठराव्या शतकातल्या कायद्याने मान्य केले की घर पुन्हा उभे राहण्यात मालकाखेरीज इतरांचेही काही गुंतलेले असते. पुढे दोन शतकांनी वारसा-कायद्याने जे विस्ताराने सांगितले, त्याचे बीज इथे आहे. भारतीय वाचकाला ही कल्पना परकी वाटू नये. आपल्या १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे ४९ वे कलम हेच सूत्र खरेदीदारासाठी सांगते: विकणाऱ्याला आगीच्या विम्याचे पैसे मिळाले, तर ते मालमत्ता पूर्ववत करण्यावर खर्च करा, अशी मागणी खरेदीदार करू शकतो.

आता मूल्याच्या प्रश्नाकडे येऊ. नवखा मालक विमा उतरवताना घराचा बाजारभाव सांगतो, आणि तिथेच घोटाळा सुरू होतो. बाजारभावात जमीन येते, परिसर येतो, शाळा आणि स्टेशनचे अंतर येते. यांतले काहीही जळत नाही. जळते ते बांधकाम. जुन्या घराच्या बाबतीत ते पुन्हा करण्याचा खर्च बाजारभावाहून कमी असेल की कितीतरी जास्त, हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यात ढिगारा उपसण्याचा खर्च धरायचा, उरलेल्या भिंतींना टेकू द्यायचा धरायचा, वास्तुविशारद आणि परवानग्यांचा धरायचा. ब्रिटनमध्ये करही धरावा लागतो. कोरे नवे घर बांधताना साधारणपणे मूल्यवर्धित कर शून्य दराने लागतो. जुन्या घराच्या दुरुस्तीवर तो २० टक्के लागतो, आणि यादीतल्या घरांच्या मंजूर फेरबदलांना जी सूट होती ती ऑक्टोबर २०१२ पासून गेली. एवढा एक कर विसरला तरी विम्याची रक्कम सहाव्या हिश्श्याने तोकडी पडते.

तोकड्या रकमेची शिक्षा फक्त संपूर्ण घर जळाल्यावर मिळते, असे अनेकांना वाटते. तसे नाही. समजा, घर पुन्हा बांधायला ८० लाख लागतात आणि विमा ४० लाखांचा आहे. स्वयंपाकघर जळाले, नुकसान १० लाखांचे झाले. मालक म्हणतो, विमा चाळीसचा, मागतोय दहाच. पण पॉलिसीत सरासरीची अट असेल तर कंपनी म्हणते, तुम्ही निम्म्या घराचाच विमा उतरवला होता, तेव्हा निम्मेच नुकसान आमचे. हातात ५ लाख पडतात. या अटीत अन्याय नाही. अर्धा हप्ता भरणाऱ्याने पूर्ण हप्ता भरणाऱ्याच्या पंक्तीत बसू नये, एवढेच तिचे म्हणणे आहे. मात्र वारसा-घराचा खरा खर्च सांगणारा जाणकार मिळवून देण्याची जबाबदारी कोणाची, याचे उत्तर ही अट देत नाही.

‘जुन्याच्या बदली नवे’ हे घरगुती विम्याचे सर्वांत आकर्षक आश्वासन. फ्रिज, गालिचा, स्वयंपाकघरातले ओटे यांच्या बाबतीत ते उत्तमच आहे. संवर्धनशास्त्राच्या दृष्टीने मात्र जुन्याच्या जागी नवे बसवणे हेच नुकसान. विल्यम मॉरिस या इंग्रज कवी-कारागिराने १८७७ मध्ये प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था काढली, ती नेमक्या याच कारणासाठी: नूतनीकरणाच्या नावाखाली जुने अंग खरवडून काढू नका, आहे ते दुरुस्त करा. विमेवाला उदारपणे नवे देऊ करतो आणि संवर्धक त्याला हात जोडून म्हणतो, जुनेच राहू द्या. दोघेही प्रामाणिक असतात.

हा संघर्ष प्रत्यक्षात कसा दिसतो ते एका छताखाली उभे राहून पाहू. वरच्या मजल्यावर आग लागली, बंबांनी पाणी मारले, आग विझली. खालच्या दिवाणखान्याचे छत लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा दिलेले, दोनशे वर्षांचे. ते पाण्याने फुगले आहे, मधोमध थोडे लोंबते आहे, कडेने तपकिरी ओघळ आले आहेत. विमा कंपनीने पाठवलेला कंत्राटदार दुसऱ्या दिवशी येतो. त्याला सवय जिप्सम बोर्डाची, आणि भिजलेले जिप्सम बोर्ड काढूनच टाकावे लागते. तो छत पाडायला सांगतो आणि खोली गरम हवेच्या यंत्रांनी चार दिवसांत कोरडी करू म्हणतो. त्याच्या हिशेबाने हे जलद आणि स्वस्त आहे, आणि मालकाला भाड्याच्या घरात कमी दिवस काढावे लागतात. पण चुना पाण्याला भीत नाही. भिजलेल्या गिलाव्याला खालून टेकू दिला, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि त्याला सावकाश वाळू दिले, तर त्यातला बराचसा भाग वाचू शकतो. घाईने वाळवला तर लाकूड आकसते, पट्ट्या वाकतात, गिलावा सुटतो. पाण्याने जे केले नसते ते यंत्र करते. म्हणून अशा घराच्या पॉलिसीत रकमेच्या आकड्याइतकेच महत्त्व असते ते, पहिल्या आठवड्यात त्या छताखाली कोणाला उभे राहण्याचा अधिकार आहे, या कलमाला.

मोठ्या आगींनी या शास्त्राला मोठे धडे दिले आहेत. वेस्ट ससेक्समधल्या अपपार्क या सतराव्या शतकाच्या अखेरच्या प्रासादाला ३० ऑगस्ट १९८९ रोजी आग लागली. छपराच्या दुरुस्तीचे काम संपत आले होते आणि शिसे जोडण्याच्या ज्योतीने घात केला. जुन्या घराला सर्वांत मोठा धोका अनेकदा दुरुस्तीच्याच दिवसांत असतो. ज्योतीच्या कामांसंबंधी पॉलिसीत ज्या कडक अटी असतात त्या अशा घटनांतून आल्या आहेत. घराची मालक असलेल्या नॅशनल ट्रस्ट या वारसा-संस्थेने ते आगीच्या आदल्या दिवशी होते तसे करायचे ठरवले. राखेतून तुकडे चाळून काढले, हाताने चुन्याची नक्षी उठवण्याची विसरत चाललेली कला कारागिरांनी पुन्हा आत्मसात केली आणि १९९५ मध्ये घर लोकांसाठी खुले झाले. पुढे २९ एप्रिल २०१५ रोजी सरे परगण्यातले क्लँडन पार्क जळाले. मालकी त्याच ट्रस्टची. पण या वेळी, बराच खल झाल्यावर, सगळी दालने पूर्ववत न करता जळक्या विटांच्या भिंती उघड्या ठेवून घर दाखवण्याचा मार्ग २०२२ मध्ये जाहीर झाला. एकच मालक आणि दोन उलट उत्तरे. क्लँडनचा निर्णय मला पटतो, कारण तिथे मूळ काही उरलेच नव्हते असे बरेच दिवाणखाने होते. पण अपपार्कने जे कारागीर घडवले त्याची किंमत कुठल्याच दाव्याच्या कागदावर दिसत नाही, हेही तितकेच खरे. विंडसर किल्ल्याचे उदाहरण आणखी वेगळे. १९९२ च्या आगीच्या वेळी इमारतीचा व्यापारी विमाच नव्हता. दुरुस्तीचे साडेछत्तीस दशलक्ष पौंड उभे करण्यासाठी बकिंगहॅम राजवाड्याचे दरवाजे तिकीट लावून उघडावे लागले. सामान्य घरमालकाला ही सोय नसते.

मराठी वाचकाशी या विषयाचे नाते थेट आहे. १९९५ मध्ये मुंबईसाठी वारसा-नियमावली लागू झाली, ती भारतातल्या शहरांमधली पहिली. तिच्यातल्या श्रेणी एक, दोन-अ, दोन-ब, तीन पाहिल्या की ब्रिटिश ग्रेडांशी असलेले नाते लगेच ओळखू येते. गिरगावातल्या खोताच्या वाडीपासून फोर्टातल्या कचेऱ्यांपर्यंत हजारो लोक वारसा-यादीतल्या किंवा तिच्या छायेतल्या वास्तूंत राहतात आणि काम करतात. मालकाला बांधकामावर जी बंधने सोसावी लागतात त्यांची भरपाई म्हणून हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे इथे न वापरता येणारे बांधकामक्षेत्र इतरत्र वापरण्याचा किंवा विकण्याचा हक्क, देण्याची तरतूद त्या नियमावलीत झाली. ही तरतूद विम्याच्या अभ्यासकाने बारकाईने पाहावी. इंग्लंडमध्ये घर उभे राहण्यात मालकाचे हित असते. मुंबईत जमीन आणि तिच्यावरचे चटईक्षेत्र हीच मुख्य दौलत असल्याने घर पडण्यातही कोणाचे तरी हित असू शकते. १७७४ च्या कायद्याने ज्या मोहाला आवर घातला तो इथे वेगळ्या रूपात भेटतो.

विम्याच्या बाजूने पाहिले तर १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी सर्व कंपन्यांकडे उपलब्ध आहे. आग, भूकंप, पूर, वादळ हे धोके तिच्यात एकत्र येतात आणि वर सांगितलेली सरासरीची अट तिने सोडून दिली आहे, ही मोठीच गोष्ट. पण तिच्यात घराची विमा रक्कम काढतात ती चटईक्षेत्राला त्या भागातल्या बांधकामाच्या दराने गुणून. हे गणित फ्लॅटला चपखल बसते. वाड्याची दोन-अडीच फूट जाडीची बाहेरची भिंत चटईक्षेत्रात धरलीच जात नाही, आणि दर धरला जातो तो बहुधा सिमेंट-काँक्रीटचा. सागाचे खांब, कोरीव हस्त, कडीपाट, चुन्याची घाणी, हे त्या दरात कुठे बसवायचे? सरासरीची अट नसली तरी बांधकामाची भरपाई विमा रकमेच्या मर्यादेतच मिळते. दुर्मीळ वस्तूंसाठी आधी ठरवून घेतलेल्या मूल्याची सोय या पॉलिसीत आहे. तीच दृष्टी घराच्या कोरीव अंगांना लावता येईल का, याचा गंभीर विचार व्हायला हवा.

पुण्याच्या पेठांतली एक नेहमीची तक्रार घ्या. जुलैचा पाऊस सहा दिवस लागून राहतो आणि सातव्या पहाटे वाड्याच्या मागच्या सोप्याची भिंत तुळईसकट खाली येते. कुटुंब म्हणते, पावसाने पाडली. कंपनीचा सर्व्हेअर ढिगाऱ्यातून तुळईचे टोक उचलून दाखवतो. भिंतीत गाडलेला हातभर भाग काळा पडून भुसभुशीत झालेला असतो, बोटाने खरवडला तर निघतो. झीज आणि हळूहळू झालेला ऱ्हास पॉलिसीत बसत नाही, असे तो सांगतो. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. कौल कधी सरकले, पाणी कधीपासून मुरत होते, मागच्या वर्षी छप्पर चाळून घेतले होते का, याची नोंद नसेल तर वाद मिटत नाही. पावसाळ्याआधी दरवर्षी काढलेली छायाचित्रे आणि गवंड्या-सुताराच्या पावत्या हा अशा दाव्यातला सर्वांत मोलाचा पुरावा ठरतो. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतले असंख्य वाडे कोसळले. त्यांपैकी कोणता वाडा पाण्याने पडला आणि कोणता आधीच पोकळ होता, हे सांगणारे कागद असते तर आपल्या वास्तुज्ञानात किती भर पडली असती!

या क्षेत्रात येणाऱ्यांचे मी मनापासून स्वागत करतो, मग ते वास्तुशास्त्राचे विद्यार्थी असोत, वकील असोत, विमा एजंट असोत, की आजोबांच्या वाड्यात आजही राहणारे कुणी असोत. पूर्वतयारी फारशी लागत नाही. आधी एक घर निवडावे आणि ते मोजावे: भिंतींची जाडी, खणांची संख्या, कोणते लाकूड, कोणता गिलावा. मग त्याची पॉलिसी मिळवून शब्दन् शब्द वाचावी, विशेषतः अपवादांचे पान. तिसरी गोष्ट म्हणजे आज ते काम करू शकणाऱ्या कारागिरांना भेटून दर लिहून घ्यावेत. ही तीन कागदपत्रे शेजारी ठेवली की त्यांच्यातली तफावत आपोआप दिसू लागते.

करण्याजोगे काम पुष्कळ आहे. चुन्याच्या आणि सागाच्या कामाची जिल्हावार दरसूची हवी आहे. जुने बांधकाम ओळखणारे सर्व्हेअर हवे आहेत. सर्वांत अवघड प्रश्न आहे तो मुंबई-पुण्यातल्या भाडेकरू असलेल्या वारसा-इमारतींचा. तिथे मालकाला नाममात्र भाडे मिळते, भाडेकरूची सगळी मिळकत त्या दोन खोल्यांत असते आणि दुरुस्तीचे अधिकार कधी तिसऱ्याच मंडळाकडे असतात. हप्ता कोणी भरायचा, दावा कोणी मांडायचा आणि आलेली रक्कम त्या भिंतींवरच खर्च होईल हे कोणी पाहायचे, असे एका पॉलिसीत लिहायचे झाले तर तिचा मसुदा कसा असेल? वकील, संवर्धक, विमातज्ज्ञ आणि त्या इमारतीतले रहिवासी यांनी एका टेबलाशी बसून करावे असे हे काम आहे, आणि त्यासाठी १८८२ चे ४९ वे कलम व १७७४ चे ८३ वे कलम ही दोन्ही समोर उघडी ठेवावीत.